राजकीय विनोद कसा चालतो, कसा बदलायचा: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गणपती मंडळाची नाटुकली, कॉलेजचं स्नेहसंमेलन, मारबतीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या बडग्याच्या (पुतळ्याच्या) गळ्यातली पाटी, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतली टवाळी. यातलं काहीही लिहायला बसलेला माणूस फिरून फिरून हेच विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. ज्यांचा कार्यक्रम उद्यावर आला आहे त्यांनी थेट तिसऱ्या प्रश्नाकडे जावं.

राजकीय विनोदात लोक नेमके कशाला हसतात?

सरकार काय म्हणतं आणि लोकांना रोज काय दिसतं, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणून उभ्या केल्या की हसू येतं. डिसेंबरात अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांना रंग लागतो आणि वर्षभर पडून असलेले खड्डे आठवडाभरात बुजतात. कागदावर याला 'पूर्वतयारी' म्हणतात. अशा वेळी कुणी म्हणालं, "एक दिवस आमच्या गल्लीतही अधिवेशन भरवा न बाप्पा," की माणसं हसतात. यात शिवी नाही, कुणाचं नाव नाही, खोटं तर काहीच नाही. अर्धा विनोद ऐकणाऱ्याकडे आधीच तयार असतो. उरलेला अर्धा आपण द्यायचा.

नागपूरकराकडे हा अर्धा माल जुना आहे. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. मग विदर्भ मुंबईच्या राज्यात गेला, आणि २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे सरकार वर्षातून एकदा इथं येऊ लागलं. पाहुण्यासारखं येतं, हुरडा-संत्री खातं आणि जातं. या एका तक्रारीतून किती विनोद निघाले त्याला गणती नाही, आणि अजून ती आटलेली नाही.

मारबत-बडग्यांना राजकीय विनोद म्हणायचं का? ती तर प्रथा आहे.

प्रथा आहे म्हणूनच तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी जोडतात. तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, या रागातून काळी मारबत आली अशी समजूत आहे.

आता यात काय झालं ते बघा. एका माणसावरचा, एका काळातला राग होता. तो माणूस गेला, इंग्रज गेले, भोसल्यांचं राज्य गेलं. तरी मिरवणूक टिकली, कारण मधल्या जागेत दरवर्षी नवा माल भरता येतो. "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही ओळ तशीच राहते आणि 'पिडा' तेवढी बदलते. आधी रोगराई, मग महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, पेट्रोल. सोबतचे बडगे तर त्या त्या वर्षाच्या बातम्यांवरच उभे असतात. एखाद्या वर्षी कशाचा बडग्या निघाला हे पाहिलं की त्या वर्षी शहर कशावर चिडलं होतं ते कळतं.

साचा जुना आणि तक्रार ताजी, एवढंच ते सूत्र आहे. लोक उलट करतात. तक्रार तीच शिळी ठेवतात आणि वरचं नाव बदलतात.

जुना विनोद नाव बदलून चालतो का?

एकदा चालतो. दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणतं, "हा तर त्या आधीच्या साहेबावरचा आहे." नाव काढून दुसरं बसवता आलं म्हणजे तो विनोद त्या माणसाचा कधी नव्हताच. तो नुसता 'पुढारी मूर्ख असतात' एवढंच म्हणत होता.

एक उदाहरण हातात घेऊन शेवटपर्यंत बघू. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत संघात दारूविरोधी मोहीम काढली. व्होडका कमी झाली, दुकानांसमोर रांगा लागल्या. तेव्हाचा हा विनोद: रांगेत उभा असलेला एकजण वैतागून म्हणतो, "पुरे झालं, मी गोर्बाचेव्हला मारायलाच चाललो." थोड्या वेळानं परत येतो. लोक विचारतात, "काय झालं?" तो म्हणतो, "तिथली रांग याच्यापेक्षा मोठी आहे." गोर्बाचेव्ह यांनी पुढे स्वतःच तो टीव्हीवर सांगितला.

हा विनोद नागपुरात आणायचा आहे. पहिला प्रयत्न सगळे करतात तोच: दारूचं दुकान, रांग, 'मी चाललो अमक्या मंत्र्याला मारायला'. हे पडतं. एक तर दारूच्या दुकानासमोरची रांग ही इथली तक्रार नाही. दुसरं म्हणजे जिवंत नेत्याचं नाव घेऊन मारण्याची भाषा केली की लोक हसायचे थांबतात आणि इकडेतिकडे बघायला लागतात. मोठ्यानं बोलायची सोय नसलेल्या देशात ती अतिशयोक्ती होती. इथं ती धमकी ऐकू येते.

म्हणून आधी सांधा वेगळा काढायचा. विनोदाचा सांधा मारण्यात नाही. रांगेला कंटाळून माणूस सुटायला जातो आणि सुटकेच्या दारातही रांगच भेटते, हा तो सांधा. आता इथली रांग शोधायची. डिसेंबरात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात: खरेदी केंद्रावर कापूस-सोयाबीनच्या गाड्यांची लाइन आणि अधिवेशनावर मोर्च्यांची लाइन. एवढं हातात आल्यावर विनोद जवळजवळ आपला आपणच लिहिला जातो:

खरेदी केंद्रावर दोन दिवसांपासून लाइनीत असलेला शेतकरी म्हणतो, "पाह्य रे माह्या गाडीकडं. मी चाललो अधिवेशनावर, मंत्र्याले निवेदन देतो." संध्याकाळी परत येतो.
"देलं का निवेदन?"
"नाई. तिथं याहून मोठी लाइन हाये."

ठीक आहे. हसतील. पण हे अजून भाषांतरच आहे. मॉस्कोची टोपी काढून नागपूरचा दुपट्टा बांधला एवढंच. इथलं सरकारी काम ज्यानं केलं आहे तो पुढची पायरी चढतो:

"देलं का निवेदन?"
"नाई. तिथं टोकन लागते म्हणे."
"मंग घ्याचं होतं."
"टोकन भेटते कुठं? इथंच."

आता तो आपला झाला. रांगेच्या जागी चक्र आलं. रांग तिथली तक्रार होती. एका खिडकीनं दुसरीकडे पाठवायचं आणि दुसरीनं पहिलीकडे, ही आपली.

शेवटच्या ओळीत 'इथंच' असं तुटक का ठेवलं? 'टोकन इथंच मिळते' का नाही?

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते बहुतेक वेळा निर्जीव असतं: आहे, मिळते, जाते, होते. हशा 'इथंच' वर येणार असेल आणि त्याच्यामागून 'मिळते' आलं, तर माणसं हसू की थांबू अशा अर्धवट अवस्थेत राहतात. म्हणून वाक्य तोडायचं, प्रश्न करायचा, शब्दांचा क्रम उलटायचा, काहीही करून टोला शेवटच्या शब्दावर आणायचा. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या हे पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. तो सवाल टाकतो, समोरच्याला घोळात घेतो आणि उत्तर एका शब्दात देतो. आपल्या खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या तमाशातही, हीच रीत.

असाच दुसरा विनोद, जो जवळजवळ जसाच्या तसा बसतो?

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या आवडीचा, गाडीचा. सोव्हिएत माणूस मोटारीचे पैसे भरतो. कारकून म्हणतो, दहा वर्षांनी याच तारखेला येऊन गाडी घेऊन जा. तो विचारतो, "सकाळी की दुपारी?" "दहा वर्षांनंतरचं आहे, काय फरक पडतो?" "त्या दिवशी सकाळी नळवाला यायचा आहे."

विदर्भात गाडीच्या जागी शेतीपंपाची वीजजोडणी घ्या.
"दहा वर्षांनी याच तारखेला जोडून देऊ."
"दिवसा का राती?"
"अबे, दहा वर्ष हाये अजून!"
"राती मले ओलिताले जा लागते. शेजाऱ्याची लाइट तेव्हाच येते."

शेतीला रात्रीची वीज, हे इथल्या शिवारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुण्या-मुंबईत टाळ्या घेतलेला विनोद नागपुरात का पडतो?

तक्रारी वेगळ्या. लोकलची गर्दी, घराचं भाडं, पाट्या, दुपारची झोप यांवर इथला माणूस ऐकीव हसतो. सिमेंटचा रस्ता उंच होत होत गेला आणि पहिल्या पावसात पाणी दिवाणखान्यात आलं, यावर मात्र तो पोटातून हसतो, कारण फर्शी त्यानं पुसली आहे. ("पहिले घर रस्त्यावर होतं, आता तळघरात आहे, टॅक्स तेवढाच.")

वऱ्हाडी-नागपुरी बोली घातली की आपोआप हसू येतं ना?

येतं, आणि तीच अडचण आहे. ते हसू बोलीला येतं, सरकारला नाही. 'काहून बे', 'करून राहिला', 'भैताड' असे शब्द पेरत गेलं की मुंबईचा प्रेक्षक खूश होतो, आणि शेतकरी सोडून कुणीच टवाळीचा विषय राहत नाही. एक साधी कसोटी: तोच विनोद प्रमाण मराठीत सांगून बघा. अर्धाही उरला नाही तर तो बोलीच्या जिवावर जगत होता. दुसरी रीत मला जास्त आवडते. साहेबाला प्रमाण भाषा द्या आणि शहाणपण बोलीतल्या माणसाला. "सदर बाब विचाराधीन आहे" यावर "कोणाच्या?" एवढं पुरतं.

कुणावर करू नये?

ज्याच्या हातात खुर्ची नाही त्याच्यावर. पुढाऱ्याचं पोट, टक्कल, तोतरेपणा, त्याची जात, त्याची बायको-मुलगी हेही वगळा. यात नीतीचा भाग आहेच, पण कारागिरीचाही आहे: जाडेपणावरचा विनोद कोणत्याही जाड माणसावर चालतो, म्हणजे तो राजकीय नाही. त्यानं घेतलेला निर्णय, दिलेला शब्द, फिरवलेली भूमिका, उद्घाटन केलेला पूल, हे खास त्याचंच असतं.

महिला नेत्यांवरचे म्हणून जे विनोद ग्रुपवर फिरतात त्यांतल्या बहुतेकांत राजकारण शोधूनही सापडत नाही.

दुर्घटनेवर विनोद करावा का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि शहराच्या पश्चिम भागात घरांत पाणी शिरलं. जीवही गेले. त्या आठवड्यात बुडालेल्या घरांवर कुणी विनोद केला असता तर त्याला उभं करून नसतं घेतलं. पण लोकांनी विनोद केले, आणि ते झेलले गेले, कारण ते पाण्यात उभे असलेल्यांनी केले होते आणि त्यांचा रोख नाल्यांवर, बांधकामांवर, पाहणी दौऱ्यांवर होता. किती दिवस थांबावं याचा नियम नाही. रोख कुणाकडे आहे एवढं बघा, आणि शंका आली तर ज्याचं घर बुडालं त्याला आधी ऐकवा.

एकाच पक्षावर लिहिलं तर चालतं का?

चालतं, पण मग प्रेक्षकही एकाच पक्षाचा येतो आणि तो विनोदाला नाही, बाजूला टाळ्या देतो. त्या टाळ्यांची सवय वाईट. सत्तेवर असलेल्यावर जास्त येणारच, खड्डा शेवटी त्याच्याकडे जातो. सत्ता बदलली की रोखही बदलला पाहिजे. कालपर्यंत ज्या टोलवर विनोद होत होता तो आपला माणूस निवडून आल्यावर सुचेनासा झाला, तर आपण प्रचारात होतो.

नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना "मला सोडू नका" असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. 'शंकर्स वीकली' १९४८ मध्ये निघालं आणि १९७५ मध्ये, आणीबाणीच्या वर्षी, बंद झालं.

सरळ बोलता येत नसेल तेव्हा काय करतात?

रूप बदलतात. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यावर दोन-तीन दिवसांत टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत निधनाची एक छोटी जाहिरात छापून आली. मयत: डी. ई. एम. ओक्रसी. मागे पत्नी टी. रुथ, मुलगा एल. आय. बर्टी, आणि फेथ, होप, जस्टिस. आडनावांसकट सलग वाचलं की डेमॉक्रसी, ट्रुथ, लिबर्टी. बातम्यांवर सेन्सॉर बसला होता. निधनाच्या जाहिराती कोण तपासतो?

यातली शब्दांची कसरत मराठीत येत नाही, आणायला जाऊही नका. घ्यायचं ते रूप: नीरस, सरकारमान्य, रोज डोळ्यांखालून जाणारा कागद. आपल्याकडे असा कागद म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. 'आमच्या वॉर्डाचे लाडके, तडफदार, खोल व्यक्तिमत्त्व, श्री. खड्डा यांना पाचव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त दुचाकीस्वार व अस्थिरोगतज्ज्ञ.' खाली ओळीनं फोटो. 'खोल व्यक्तिमत्त्व' सोडून एकही शब्द नवा लिहावा लागला नाही, म्हणून तो लागतो. निविदा सूचना, हरवल्याची जाहिरात, लग्नपत्रिका, ग्रामसभेचा ठराव हे सगळे साचे पडून आहेत.

दुसऱ्याचा विनोद घेतला तर चोरी होते का?

तोंडोतोंडी फिरणाऱ्या विनोदाला मालक नसतो. रंगमंचावरच्या कलाकारानं लिहिलेला मजकूर मात्र त्याचा आहे. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो, त्यामुळे सांधा घेऊन आपलं बांधलं तर हरकत नाही. वाक्यं उचलली तर आहे. आणि कायदा राहू द्या, नागपूर लहान आहे. मूळ कलाकाराचा व्हिडिओ पहिल्या रांगेतल्या पोरानं कालच पाहिलेला असतो.

यावरून केस होऊ शकते का?

होऊ शकते. टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण तारखा पडतातच. मी वकील नाही, तरी एवढं ठाऊक असावं. आयटी कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, त्यामुळे 'पोस्ट त्रासदायक वाटली' एवढ्यावर त्या कलमाखाली कुणाला उचलता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानी कलम ३५६ मध्ये आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं व्यक्त केलेलं मत तिथं अपवाद म्हणून धरलं आहे. कामावर बोला, घरावर नको, असं का म्हणतो ते यावरूनही कळावं. दोन समाजांत तेढ लावणारा मजकूर कलम १९६ खाली येतो आणि तिथं 'गंमत केली होती' हे उत्तर पुरत नाही.

खरी फसगत वेगळीकडे होते: नेत्याच्या तोंडी खोटं वाक्य घालून बातमीसारखं कार्ड बनवायचं. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना गंमत कळते. चौथ्या ग्रुपमध्ये ती बातमी होते. नेत्याच्या आवाजाची नक्कल स्टेजवर करा, तोंड दिसतं. एआयनं बनवलेला आवाज पाठवू नका.

मी सरकारी नोकरीत आहे. लिहू का?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी वाचा. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका त्यात बसत नाही. लिहून मित्राला देणारे खूप आहेत, आणि मित्र कोण ते ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं.

मंडळाच्या कार्यक्रमाला नगरसेवकच प्रमुख पाहुणे आहेत. आता?

उत्तम. विनोद काढू नका, पत्ता बदला. थेट त्यांच्यावर केला तर सगळं सभागृह हसण्याऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघतं. ते हसले तर लोक हसतात, म्हणजे संहिता त्यांच्या हातात गेली. त्यापेक्षा रोख वॉर्डावर ठेवा, म्हणजे स्वतःच्या गल्लीचं ऐकून लोक आधी हसतात आणि पाहुण्यांना मागून सामील व्हावं लागतं. सत्कार आधी उरकून घ्या. सत्कार झाल्यावर माणूस थोडा सैल होतो, आणि हातात नारळ असल्यामुळे उठून जाणं अवघड होतं.

वर्गणी त्यांनीच दिली असेल तर एक विनोद वर्गणीवर हवाच.

कुणीच हसलं नाही तर?

पुढचं वाक्य बोला. समजावून सांगू नका.

बडग्याच्या पाटीवर किती लिहावं?

पाच शब्द, फार तर सहा. इतवारीतल्या त्या गर्दीत पाटी लोकांना दहा-पंधरा फुटांवरून, डोक्यांच्या वरून, चालत्या मिरवणुकीत दिसते. यमक जुळलं तर बरं, कारण मग लोक ती ओरडतात. सरकारी योजनेचं पूर्ण नाव लिहायच्या भानगडीत पडू नका. बडग्याच्या अंगावरच दिसेल ते पाटीवर परत लिहायचं नाही: हातात रिकामं सिलिंडर असेल तर पाटीवर 'गॅस महाग' नको, 'चूल पेटली, बाई नटली' असलं काहीतरी सुचू द्या. अक्षरं ऑइल पेंटनं काढा. पोळ्याला पाऊस येतो आणि पोस्टर कलर ओघळतो.